दारात येणारी बस

मी एक छोटी पांढरी बस बोलतेय, अमेरिकेत कॅन्ससमधल्या वॉलनट फोर्ड गावची. पूर्वी लोक मला फोन करून घरी बोलवायचे.

गावाच्या कौन्सिलने कारभार बघायला बाहेरून एक मॅनेजर नेमला होता, डग्लस रीम. त्याला कुणाकडे मतं मागायची नव्हती, त्यामुळे डोक्यात आलेली गोष्ट तो करून बघायचा. ठरलेल्या रस्त्याने रिकामी फिरणारी मोठी बस त्याने काढून टाकली आणि मला आणलं. फोन करा, की मी दारात हजर.

वर्ना शेंक माझी नेहमीची. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यायचं. चालक लॉइडची ती वाटभर खेचायची, आणि मला ते फार आवडायचं.

मग गावात टूम निघाली. मॅनेजर नको, लोकांनी निवडलेला महापौरच कारभार करेल. मतदानाला म्हाताऱ्यांना मीच नेलं. वर्नाही होती.

"रीम भला माणूस आहे," ती म्हणाली, "पण त्याला आपण कुठे निवडलंय? उद्या डोक्यावर बसला तर उतरवायचा कसा?"

"आणि ही बस?" लॉइडने विचारलं.

"बस गावाची आहे रे. तिला कोण हात लावतंय?"

तिचं सगळंच चुकलं असं मला म्हणवत नाही. पण मला रीमनेच आणलं होतं, आणि हे सांगायला मला तोंड नव्हतं.

रीम सामान बांधून गेला. नवे महापौर बडी हॅग्लंड वाईट नाहीत. पण त्यांना पुन्हा निवडून यायचंय, आणि गल्लीबोळांतून जाणारी बस चारचौघांना दिसत नाही. माझ्यावर त्यांचं नाव रंगवलं, फोन बंद केला आणि मला मेन स्ट्रीटवर फिरवायला लागले. वर्नाला आता शेजारी नेतात, जमेल तेव्हा.

आज चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. सगळ्यांत पुढे बँड, त्याच्यामागे मी, आणि माझ्या दारातून महापौर टॉफ्या उधळतायत. बँड अडला म्हणून थांबलो, तर दारासमोर रस्त्याकडेला खुर्चीत वर्ना. पाय सुजलेले, मांडीवर पर्स.

"लॉइड, शेजारी तळ्यावर गेलेत. आज माझा डायलिसिसचा वार आहे रे."

लॉइडने महापौरांकडे पाहिलं. "मिरवणूक संपू दे, वर्ना. मग विचारतो."

"तोवर माझा नंबर निघून जाईल."

महापौरांना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी हसून तिच्या ओंजळीत टॉफ्या टाकल्या. माझी पायरी तिच्यापासून हातभर लांब होती. अरे, कुणीतरी तिला हात द्या, वर घ्या, मला रस्ता पाठ आहे!

बँड पुढे सरकला. लॉइडने ब्रेकवरचा पाय काढला, आणि मी निघाले.