पृथ्वीवर नसलेलं भस्म

अक्कलकोट रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात त्या गुरुवारी उभं राहायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर प्रभुबाबा प्रत्येकाच्या तळहातावर राखाडी भस्माची चिमूट ठेवत, वर पाण्याचे दोन थेंब सोडत आणि डोळे मिटून विचारत, "आली का ऊब?"

"आली, बाबा."

"ती माझी न्हाय. वरून आलेल्या भस्माची हाय. डॉक्टर शरीर बघतो, मी शरीरामागची थंडी बघतो."

शरीरामागची थंडी म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. मागून रांग ढकलत होती. बाबांच्या पाठीशी भलामोठा फ्लेक्स होता : ‘विज्ञानही नतमस्तक! हे भस्म पृथ्वीवरचं नाही.’ खाली एका कॉलेजच्या प्रयोगशाळेचा अहवाल आणि डॉ. दिपाली बिराजदार यांची सही, हातभर मोठी केलेली.

या फ्लेक्सचा दिपालीला पत्ताच नव्हता. त्याचा फोटो फोनमध्ये घेऊन शरणबसव तिच्या प्रयोगशाळेत आला, तेव्हा तिला कळलं. तो टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता.

"मॅडम, ही सही तुमची हाय का?"

"माझीच आहे."

"मला पहिल्यापासनंच वाटलं होतं, ह्या भस्मात चुना असंल. बोललो बी. तर बाबांचे शिष्य गुरुबसप्पा म्हणले, यंत्रापेक्षा तुला जास्ती कळतं का? तुमचा कागद दावला. मग गप बसलो. आईला मीच रांगेत नेलं."

त्याच्या आईला, ईरम्माला, साखरेचा आजार. पायाला जखम होती. भस्म ओलं करून त्यावर बांधलं होतं. साखरेनं पाय बधिर झालेला, त्यामुळे आतलं कातडं भाजत गेलं तरी तिला कळलं नाही. आता ती दवाखान्यात होती आणि डॉक्टर बोट काढायचं म्हणत होते.

तो गेल्यावर दिपाली ज्यावर भस्म तपासलं होतं त्या यंत्रासमोर जाऊन बसली. त्या यंत्रात बारीक पूड ठेवून तिच्यावर क्ष-किरण सोडतात. प्रत्येक स्फटिकी पदार्थ ते किरण आपल्या ठराविक कोनांत परतवतो. ते कोन नोंदींशी जुळवले की पदार्थ ओळखता येतो. पण यंत्राचे कोन सरकतात. म्हणून आधी ज्याचे कोन प्रमाणित आहेत अशी पूड ठेवून यंत्र तपासावं लागतं. तो अहवाल करताना प्रयोगशाळेतली अशी पूड, प्रमाणित सिलिकॉनची बाटली, संपली होती. नवी यायला महिने लागले असते. दिपालीनं संगमरवराचा एक तुकडा कुटला, संगमरवर म्हणजे शुद्ध कॅल्साइट, चुनखडीतलं खनिज, असं धरून चालली आणि यंत्र त्याच्याशी जुळवून घेतलं. मग गुरुबसप्पांनी आणलेलं भस्म तपासलं. कशाशीच जुळेना. तिनं लिहिलं : ‘उपलब्ध नोंदींत जुळणारा पदार्थ आढळला नाही.’ संगमरवराचा उल्लेख केला नाही. तेव्हाही मनात खुटखुटलं होतं, पण तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी तिनं एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून प्रमाणित सिलिकॉन मागून आणलं. उरलेल्या भस्मातच त्याची चिमूट मिसळली आणि दोन्ही एकत्र तपासलं. सिलिकॉनचेही कोन जागेवर नव्हते. म्हणजे चूक भस्मात नव्हती, यंत्राच्या जुळणीत होती. तेवढा फरक दुरुस्त करताच भस्माच्या रेषा नेमक्या जागी बसल्या : पाणी लागताच तापणारा कळीचा चुना, बाकी राख. संगमरवर तपासला, तर त्यात मॅग्नेशियम निघालं. त्याचे कोन मुळातच वेगळे होते. त्याच्या नादानं तिनंच चांगलं यंत्र बिघडवलं होतं.

पुढच्या गुरुवारी ती कार्यालयात गेली. गुरुबसप्पांनी तिला ओळखलं आणि खुशीत माइक हातात दिला. "ज्यांची सही हाय, त्या मॅडम स्वतः आल्यात."

"सही माझी आहे," दिपाली म्हणाली, "आणि अहवाल चुकीचा आहे."

तिनं बाजारातून आणलेली चुन्याची कळी कुटली, शेणीच्या राखेत मिसळली, स्टीलच्या वाटीत टाकली आणि वर पाणी ओतलं. वाटीतून वाफ निघाली. "बाबांच्या भस्मात हाच चुना आहे. थोडा असतो म्हणून नुसती ऊब लागते. ओल्या जखमेवर बांधलं की हाच चुना भाजतो."

"श्रद्धेला यंत्र लागत न्हाय, मॅडम," बाबा शांतपणे म्हणाले.

"मग माझा कागद पाठीशी कशाला लावलाय?"

पुढच्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "आमी तर पोराला चाटवलंय."

"आत्ता दवाखान्यात न्या," दिपाली म्हणाली. " भस्म सोबत घेऊन जा. डॉक्टरांना चुना म्हणून सांगा." ती बाई पोराला उचलून बाहेर पळाली. तिच्यामागे आणखी काही जण उठले. बाबा मागच्या दारानं निघून गेले. दिपालीनं पोलिसांत तक्रार दिली आणि तीत स्वतःची चूकही लिहून दिली.

तो पोरगा वाचला. ईरम्माचं बोट गेलं, पाय राहिला. दिपाली भेटायला गेली, तेव्हा शरणबसव खाटेजवळ होता.

"मला माफ करा, असं म्हणायला आले नाही," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर होता, एवढं सांगायला आले."

"तवा बी बरोबरच हुतो," तो म्हणाला आणि आईच्या पायाकडं बघत राहिला.

बाबा भस्म म्हणून चुना देत होता. पण लोकांची शंका बंद पाडली ती एका शिकलेल्या बाईच्या सहीनं. म्हणून कुणी विज्ञानाचा कागद दाखवला तरी हात जोडू नका. ते यंत्र कशाशी ताडून पाहिलं, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.