तिसऱ्या बाटलीवरचा अंगठा

पेडगावच्या शिवारातला रंगाचा कारखाना बंद पडून आठ वर्षं झाली, पण त्याचं पाणी काही आमच्या विहिरीतून जाईना. माती उकरून नेली, पाणी उपसून टाक्यांत गाळलं, आणि मग परभणीच्या पाणी तपासायच्या हापिसातले नागेश साहेब दर महिन्याला बाटली भरून न्यायला लागले. बाटलीला चिठ्ठी चिकटवायची, चिठ्ठीवर साक्षीला माझा अंगठा घ्यायचा, आणि दर खेपेला तेच विचारायचं, "बाबा, वास येतो का?" येतो म्हणून माणसानं सांगायचं तरी किती वेळा? मी सांगत राहिलो. घाई करणं माझ्या स्वभावात नाही.

लागोपाठ तीन बाटल्या चांगल्या निघाल्या की टँकर बंद आणि विहीर प्यायला खुली, असं ठरलेलं. दोन चांगल्या निघाल्या. तोवर त्या पाण्यात हात धुऊन धुऊन माझ्या अंगठ्याच्या रेघाच गेल्या होत्या. विळ्याचा जुना वण तेवढा आडवा राहिला. रेशनच्या मशीनला अंगठा लागेना. म्हणून तिसऱ्या खेपेला मी हात मागं घेतला.

"ह्या पाण्याची साक्ष मी देत न्हाई, साहेब."

साहेब कोरी चिठ्ठी लावून बाटली घेऊन गेले.

काल निरोप आला, तिसरी बाटली पास, बाबांचा अंगठा मिळाला. माझी बायको धुरपदा लगेच घागर घासायला बसली. गोधड्या शिवून शिवून तिच्या अंगठ्याला सुईच्या टोचण्यांची जाळी झालेली, त्यात टँकरची रांग. तीही विटली होती.

"मी परभणीहून येस्तोवर पिऊ नको," मी म्हणालो.

"तुमचं नाक हाय का पोलिसाचं कुत्रं? जावा, तिथंबी हुंगून या."

हापिसात या टेबलावरून त्या टेबलावर फिरवून दुपार केली, तेव्हा कुठं नागेश साहेबांनी बाटली पुढं ठेवली. चिठ्ठी कोरीच होती. ठसा काचेवर होता. माझ्या अंगठ्यावर आता नसलेल्या साऱ्या रेघा त्यात होत्या, मधून विळ्याचा वण.

"काचेवर दिला तरी चालतं, बाबा."

"म्या दिलाच न्हाई."

मी धोतराच्या सोग्यानं पुसून बघितलं. पुसेना. तपासणीनंतर झाकणावर लावलेली लाख शाबूत होती. साहेबांनी आधी रुमाल लावला, मग नखानं खरवडलं, मग खुर्ची जराशी मागं सरकवली.

"आतून आहे," ते हळूच म्हणाले.

मी बाटली खिडकीच्या उजेडाला धरली. ठशाशेजारी काच धुरकटत चालली होती. बघता बघता तिथं दुसरा अंगठा उमटत आला, माझ्याहून बारीक, आणि त्याच्या साऱ्या रेघांवर सुईच्या टोचण्यांची जाळी.