न धुतलेला पंप

श्रावणातला तिसरा सोमवार होता. आडसाली उसात केना आणि माठाचं तण माजलं होतं, म्हणून सकाळपासून पाठीवर पंप घेऊन मी टू-फोर-डी मारत होतो. हे आमच्याकडचं उसातलं तणनाशक. ऊस पडला गवताच्या जातीचा, त्याला काही होत नाही. रुंद पानाचं जे काही असेल ते मात्र पिळवटून मरतं. वांगं, टोमॅटो, दोडका, घेवडा यांना तर नुसता वारा लागला तरी पुरे.

दिवसभराचा उपास, त्यात पोटऱ्यांपर्यंत चिखल. घरी आलो तर संयोगितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, उपास सोडायला ताट वाढून ठेवलेलं. वरण-भाताचा वास आला आणि मी पंप तसाच गोठ्यातल्या खुंटीला अडकवला. सकाळी धुऊ म्हटलं. सकाळी दूध काढलं, डेअरीला घातलं, आणि पंपाचं ध्यानातच राहिलं नाही.

यात एवढं काय, असं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत म्हणता आलं असतं. पण मी पडलो फौजी. बावीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलेला माणूस. कोरेगावापासून आठ किलोमीटरवरच्या आमच्या गावात माझी ओळखच मुळी शिस्तीची. फवारणीचा पंप तीन पाण्यांनी धुवायचा, पहिलं साबणाचं, मग दोन साधी, नोझल खोलून पुसायचं आणि पंप पालथा घालायचा, हे मी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं. चावडीच्या फळ्यावर खडूनं लिहिलंसुद्धा होतं. पोरं माझी नक्कल करायची आणि मला ते आवडायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

बुधवारी सकाळी मनुबाई वहिनी आल्या. आमच्या शेजारच्या. त्यांचं परडं म्हणजे सगळ्या आळीची भाजी. मिरगाला वेलवर्गी बी टोकायचं, श्रावणात मांडव दोडक्या-कारल्यांनी वाकायचा, दिवाळीला वांगी यायची, थंडीत मेथी आणि पावटा, आणि उन्हाळ्यात न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि शेवगा जगवायचा. पोरगा पुण्याला, मालक वारलेले. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बाई परड्यातच. भाजी कधी कुणाला पैशानं विकली नाही, दारात आलेल्याला रिकामं पाठवलं नाही.

दोडक्यावर मावा पडला होता. लिंबोळीचा अर्क मारायला त्यांना पंप पाहिजे होता. त्या हसत म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचा न्हाई न्यायची मी. तुमच्या हातचा पंप म्हंजी देवाचं भांडं."

तेव्हा मला आठवलं. अगदी लख्ख आठवलं. 'थांबा वहिनी, धुतलेला नाही' एवढं म्हणायचं होतं. पण देवाचं भांडं म्हटल्यावर ते माझ्या तोंडातून निघेना. दोन दिवस झालेत, वाळला असेल, तळाला असून असून किती असणार, असं मीच माझ्या मनाला सांगितलं आणि म्हणालो, "घेऊन जावा."

दुपारी वेलांवर अर्क मारून त्यांनी पंप परत आणून दिला. त्याच संध्याकाळी अंबूबाई मनुबाईच्या परड्यात गेली होती. आळीच्या टोकाला दोन खणांचं घर, मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. लोकांच्या खुरपणीला जाऊन पोट भरायची. बोलायला सरळ. चांगलं दिसलं की चांगलं म्हणायची, मग त्यावर नजर नको लागायला असं पुटपुटायचं तिला सुचायचं नाही. मांडवाखाली उभी राहून ती म्हणाली, "पानापरीस दोडकंच जास्त लागल्यात की गं." आणि एका दोडक्यावरनं तिनं हात फिरवला.

पुढच्या सोमवारी सकाळी मनुबाईचा आवाज आला तेव्हा मी दात घासत होतो. जाऊन बघितलं तर वेलांचे शेंडे पिळलेले. पानं आक्रसून दोरीसारखी झालेली, शिरा वर आलेल्या. दोडका, कारलं, भोपळा, कडेची वांग्याची रोपं, सगळ्यांची तीच गत. ऊस पिकवणाऱ्याला हे ओळखायला क्षणसुद्धा लागत नाही. मी ओळखलं.

आळीतल्या बायका मात्र उसाच्या फवारणीला जात नाहीत. त्यांनी त्यांच्या परीनं हिशेब लावला. बुधवारी कोण आलं होतं, कोण काय म्हणालं, कुणी हात लावला. मनुबाई तडक अंबूबाईच्या दारात गेल्या. मीही लोकांबरोबर मागं गेलो. तिथं उभं राहून ऐकलं.

"तुज्या डोळ्यात काय हाय गं बया? चार-पाच दिसात माजं परडं जळालं."

अंबूबाईच्या हातात पिठाची परात होती. ती म्हणाली, "म्या चांगलंच म्हटलं हुतं, वैनी."

"तुजं चांगलंच लागतंय लोकास्नी."

कुणीतरी तिच्या नवऱ्याचं काढलं. कुणी सोनाराच्या सुनेच्या आजारी पडलेल्या मुलाचं काढलं, त्यालाही हिनं गोरं म्हटलं होतं म्हणे. माझ्याकडं वळून मनुबाईंनी विचारलं, भावजी, तुम्हीच सांगा, अर्कानं असं होतं का. मी म्हणालो, अर्कानं होत नाही. ते खरंच होतं. एवढं खरं बोलून मी गप्प बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं चोराला साक्षीला बोलावलं होतं आणि चोरानं साक्ष दिली.

घरी येऊन मी पंप धुतला. तीन पाण्यांनी, नोझल खोलून. संयोगिता बघत होती. आज काय फवारणार, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, काही नाही.

सांगू, आज सांगू म्हणता म्हणता भाद्रपद गेला. गौरीला अंबूबाईला कुणी जेवायला बोलावलं नाही. नवरात्रात मनुबाईंनी मांडव मोडून पुन्हा वाफे केले आणि त्यात मी माझ्या बागेतली वांग्याची रोपं नेऊन दिली. केवढं मोठं मन, असं त्या म्हणाल्या. दिवाळीनंतर थंडी धरली. आमच्या परड्यात त्या साली वांगी अशी आली की झाडाला काठीचा आधार द्यावा लागला. पावटा, घेवडा, टोमॅटो, काही मागू नका. माल बघून मला आनंद व्हायचा नाही. भिंतीपलीकडनं अंबूबाई खुरपणीला जाताना दिसायची, मान खाली घालून, पदर पुढं ओढून. मला वाटायचं, लाजेनं चालते. त्यात माझा वाटा किती, याचा विचार मी चहाबरोबर गिळून टाकायचो.

मग भोगी आली. न खाई भोगी तो सदा रोगी. त्या दिवशी आळीतल्या बायका आपापल्या परड्यातला भाजीपाला मनुबाईच्या अंगणात आणतात, वाटून घेतात आणि घरोघरी एकाच चवीची भाजी शिजते. मी वांग्यांची पाटी ठेवायला गेलो होतो. तेवढ्यात अंबूबाई आली. ओटीत पावट्याच्या शेंगा होत्या. ती अंगणात पाऊल टाकणार तोच मनुबाई म्हणाल्या, तिथंच ठेव, फाटकाजवळ. तिनं ठेवल्या आणि गेली. थोड्या वेळानं मनुबाईंनी त्या शेंगा उचलल्या आणि म्हशीच्या गव्हाणीत टाकल्या. भरलेल्या, टपोऱ्या शेंगा होत्या. म्हशीनं तोंड घातलं.

मी तिथंच सगळ्यांसमोर बोललो. "वैनी, अंबूबाईचा काय बी दोष न्हाई. त्या पंपात उसाचं औषध हुतं. म्या धुतला नव्हता. मला ठावं हुतं आन् म्या बोललो न्हाई."

मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. निघायलाच पाहिजे होती. पण मनुबाई माझ्याकडं मायेनं बघत राहिल्या.

"भावजी, तुमी आन् पंप न धुता द्याल? कुणाला सांगताय? त्या बाईची कीव आली म्हून आळ आपल्या अंगावर घेताय. कळतंय आमास्नी."

मी परोपरीनं सांगितलं. जितकं सांगावं तितकं त्यांना माझं मन मोठं वाटत गेलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. देवळापुढं दस्तगीर मिस्त्री भेटला, ज्यानं माझ्या पंपाचे वॉशर कितीदा बदलले तो. तोही म्हणाला, "फौजी, दुसऱ्याचं पाप कोण घेतंय आजकाल? तुमीच." आणि इथं एक गोष्ट सांगतो, जी सांगताना जास्त लाज वाटते. ते ऐकायला मला बरं वाटलं. आपण तर खरं सांगून मोकळे झालो, लोकांनी मानलं नाही तर आपण काय करणार, असं म्हणत मी त्या रात्री गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. दुपारी अंबूबाई आमच्या दारात आली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून तिनं हात पुढं केला, तिळगुळाची वडी माझ्या तळव्यावर ठेवली. तिची नजर माझ्या पायांवर होती.

"दादा, माज्यासाठी तुमी खोटं बोललासा म्हनं भोगीला. लय उपकार झालं. पर नका बोलू असं. तुमचं नाव खराब हुईल."

"अक्का, खोटं न्हाई ते. खरं हाय."

"असू द्या." ती हसली. "माजीच नजर वाईट असंल. पयल्यांदा मलाबी पटत नव्हतं. पर येवढी माणसं म्हनत्यात ती काय उगंच? म्हून म्या आता वर बघतच न्हाई. कुणाच्या परड्यात न्हाई का लेकराकडं न्हाई. माजा पावटा मोहरला तवा बी म्या त्येच्याकडं पाठ करून पाणी घातलं. म्हटलं, माजीच नजर माज्या झाडास्नी नको लागाया."

ती गेली. वडी माझ्या तळव्यावर तशीच राहिली. ती लाजेनं मान खाली घालून चालत नव्हती. जगाला जपत चालली होती.

किंक्रांतीला कुणी शुभ काम करत नाही. मी सकाळीच आळीतल्या बायकांना, मनुबाईंना, दस्तगीरला आमच्या परड्याच्या फाटकाशी बोलावून आणलं. सगळ्यांच्या देखत पंपात टू-फोर-डी घातलं, उसाच्या बांधावर अर्धा तास मारलं, पंप ओतून रिकामा केला. धुतला नाही. त्यात विहिरीचं स्वच्छ पाणी भरलं आणि माझ्या परड्यात शिरलो. संयोगिता दारात उभी होती. वांग्याला सगळे कष्ट तिचे होते. ती म्हणाली, "आवं, एक झाड पुरं की. समदी कशापायी?" मी ऐकलं नाही. वांगी, टोमॅटो, पावटा, घेवडा, एकही ओळ सोडली नाही. नुसतं पाणी मारतोय, असं मी मोठ्यानं सांगत होतो. सहा दिवसांनी या आणि बघा म्हणालो.

सहा दिवस लागलेच नाहीत. चौथ्या दिवशी शेंडे माना टाकायला लागले, सहाव्या दिवशी पानं दोरीसारखी पिळली. मनुबाई फाटकातून आत आल्या, एक पान हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि मटकन वाफ्याच्या कडेला बसल्या. दस्तगीरनं टोपी काढून डोकं खाजवलं. आता सगळ्यांच्या नजरेत मी जो होतो तो दिसलो, आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटला. शेवटी सिद्ध करून दाखवलं, असं वाटलं.

संयोगिता जाऊन अंबूबाईला घेऊन आली. ती फाटकाशी थबकली, सवयीनं मान खाली. मी म्हणालो, "अक्का, वर बघा."

तिनं पाच महिन्यांनी एका परड्याकडं मान वर करून बघितलं. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पुढं आली आणि एका वांग्याच्या झाडावरनं हात फिरवला. फळं अजून झाडाला होती, देठाशी सुकलेली.

"म्हंजी माज्या डोळ्यांनी न्हवतं," ती म्हणाली.

"न्हाई अक्का. माज्यामुळं."

मला वाटलं, ती रडेल, किंवा मला शिव्या देईल, किंवा माफ करेल. तिन्हींची मी तयारी ठेवली होती. ती झाडाकडंच बघत होती.

"तवा तोंडानं झालं असतं, दादा," ती म्हणाली. "एक शबूद बोलला असतासा, तर झालं असतं. आता त्येच सांगाया येवढी झाडं मारलीसा. ह्येंचं काय चुकलं हुतं?"

मनुबाई उठून तिच्याजवळ गेल्या, तिचा हात धरला. अंबूबाईनं सोडवून घेतला नाही, धरलाही नाही. आणि संयोगिताकडं वळून म्हणाली, ही भाजी कुणी खाऊ नका, शेळीलाही घालू नका, खड्डा काढून पुरा. मग मान वर करूनच आपल्या घराकडं गेली.

लोक पांगले. मी कुदळीनं खड्डा काढला आणि झाडं उपटायला लागलो. जोमातल्या वांग्याचं मूळ खोल गेलेलं असतं, एका हातानं येत नाही. संयोगिता शेजारच्या ओळीत उपटत होती, माझ्याशी न बोलता. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी नेहमीसारखा रामराम घातला. मी वर बघितलं नाही.