बेकरीवाल्याच्या भुवया

भट्टी पेटवताना गॅसचा भपका आला आणि बेकरीवाल्याच्या दोन्ही भुवया, निम्मी मिशी आणि एक गाल होरपळून निघाला. दवाखान्यात जखम साफ करून मधाची पट्टी बांधून दिली. घरी ती बायको बदलायची. पण तिची पाठ वळली, की हा पट्टीचं टोक उचलून आरशात डोकावायचा.

"जखम आहे ती. दुधावरची साय नव्हे, सारखी उघडून बघायला," ती म्हणायची.

तो बसायचा, उठायचा, खिडकीशी जायचा, परत यायचा. दुकानाला कुलूप होतं.

खपली पडून खाली गुलाबी कातडी आली. बायको तिच्यावर कोरफडीचा गर लावू लागली. गॅसची नळीही नवी बसवून झाली होती. आता हा दुकान उघडेल, असं तिला वाटलं. पण त्याने निराळंच टुमणं लावलं. भुवया आल्याशिवाय गिऱ्हाइकांना तोंड दाखवणार नाही.

मग जास्वंदीचं तेल झालं, माका झाला, मेथीचा लेप झाला. एकालाही त्याने धड आठवडा दिला नाही. शेवटी कुणाचंतरी ऐकून कांद्याचा रस चोळला. तो ओघळून डोळ्यांत गेला, कोवळ्या गालावर उतरला आणि स्वारी मोरीत थयथय नाचली.

बायकोने धरून त्याचं तोंड धुतलं. "पाव काय तुमच्या भुवया बघून फुगतो?"

तो हसला नाही. ओल्या चेहऱ्याने मोरीच्या कठड्यावर टेकला.

"भुवयांचं काही नाही गं," तो हळूच म्हणाला. "काडी ओढायचं नुसतं मनात आलं तरी पळत सुटावंसं वाटतं."

तिने टॉवेलची घडी घातली. "मग काडी मी ओढते. तुम्ही पीठ मळा."

दुसऱ्या दिवशी पहाटे दुकान उघडलं. पीठ मळताना त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेरच होता. भट्टी भक्कन पेटली, तसा तो पिठाच्या हातांनी रस्त्यावर पळाला. दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. मग मान खाली घालून आत शिरला आणि ट्रे सरकवू लागला. पहिले पाव जरा करपले, पण सगळे खपले.

पुढे भुवया आल्या. विरळ, आणि एक उगीचच वर चढलेली. कशाने आल्या म्हणून कुणी विचारलं, तर तो प्रत्येकाला वेगळं झाड सांगतो. काडी अजून बायकोच ओढते. तेवढा वेळ तो बाहेर येरझाऱ्या घालत असतो.