दुसरी चावी

गॅरेजात उस्तादांचा एकच कायदा होता: ज्याचा हात इंजिनात, चावी त्याच्या खिशात. एकदा कुणीतरी हौसेनं चावी फिरवली होती आणि उस्तादांच्या करंगळीचं टोक पंख्यात गेलं होतं. तेव्हापासून तिथं गाडीच्या मालकालाही चावीला हात लावायची सोय नव्हती.

बाकी उस्ताद स्वतः कशालाच जुमानत नसत. ठिणगी येते की नाही हे बघायला चालू इंजिनातली प्लगची वायर सरळ उघड्या हातानं उपसत. झटका बसला की हसून म्हणत, "जिवंत आहे." गाडीबद्दल. ही मिजास उभा जन्म खपली. मग छातीत पेसमेकर बसला, आणि डॉक्टरांनी बजावलं की चालू इंजिनाच्या आसपास फिरकायचं नाही. तिथल्या विजेनं ते यंत्र बिथरलं तर हृदयाचा ठोका चुकेल.

डॉक्टर सांगून मोकळे झाले. निस्तरायचं लेकीला होतं. गॅरेज आता तीच चालवत होती, आणि बाप रोज तिच्या आधी हजर.

आज एका जुन्या टॅक्सीचं इंजिन अडखळत होतं. चार प्लग, चार वायरी. उस्ताद बाह्या सरसावून पुढे झाले.

"बाबा, बाहेर बसा."

"पाच मिनिटांचं काम. तू अख्खा दिवस घालवशील."

"घालवीन."

"गिऱ्हाईक खोळंबलंय."

"खोळंबू दे."

तिनं चावी काढून खिशात टाकली आणि गाडीला टेकून उभी राहिली. ज्यानं पाना धरायला शिकवलं त्यालाच हुसकावून लावणं काही सोपं नव्हतं. पण ती जागची हलली नाही.

"तुम्ही दाराबाहेर जाईपर्यंत ही गाडी सुरू होणार नाही. संध्याकाळ झाली तरी चालेल."

उस्तादांनी टॅक्सीवाल्याकडे पाहिलं. टॅक्सीवाल्यानं छताकडे पाहिलं. शेवटी उस्ताद पुटपुटत बाहेर गेले आणि स्टुलावर रस्त्याकडे तोंड करून बसले.

तिनं रबरी हातमोजे चढवले, इंजिन सुरू केलं आणि रबरी मुठीच्या चिमट्यानं एकेक वायर उपसून परत बसवू लागली. पहिली काढली तसं इंजिन आणखी लंगडलं. दुसरीलाही तसंच. तिसरीला तिला नीट कळेना.

"काही फरक नाही," बाहेरून पाठमोराच आवाज आला. "तीच गेलीय."

तिनं इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, बोटातली अंगठी वाटीत ठेवली. आत हात घालायला वाकणार तोच पावलं वाजली.

"आत येऊ का?" उस्तादांनी दारातूनच विचारलं. आपल्याच गॅरेजात परवानगी मागायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"बंद आहे. या."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून टॅक्सीची दुसरी चावी काढली. सकाळी लेक यायच्या आधीच त्यांनी ती टॅक्सीवाल्याकडून मागून घेतली होती. लेक जेवायला गेली की इंजिन सुरू करायचा बेत असणार. टॅक्सीवाला पुन्हा छत बघू लागला. तिला संताप आला.

उस्तादांनी ती चावी तिच्या खिशात टाकली आणि खिसा वरून थोपटला.

"हात तुझा आहे," ते म्हणाले, आणि परत बाहेर जाऊन बसले.