पंचवीस जानेवारीची सही

रुचिराने विमानाचं लॉगबुक ओट्यावर ठेवलं तशी दिनाकाकूंनी खवणीवरून मान वर केली. ते उचल आधी, नारळ उडेल त्याच्यावर, म्हणाल्या आणि पुन्हा खवायला लागल्या. रुचिराने लॉगबुक उचलून छातीशी धरलं. एलियासकाका कुठे आहेत, असं तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज तिलाच चढलेला वाटला. काका गच्चीवर खुर्च्या पुसत होते. पाच वाजता माणसं यायची होती.

माणसं यायची होती ती तिच्यासाठीच. रुचिराला वैमानिकाचा परवाना मिळाला तर एलियाहू हनाबीचा मलिदा करीन, असा नवस दिनाकाकू दोन वर्षांपूर्वी बोलून बसल्या होत्या. परवाना मिळाला. मग रुचिराने विमानच विकत घ्यायचं काढलं, तेव्हा काकू म्हणाल्या, थांब, तेही होऊ दे, एकाच मलिद्यात दोन्ही उरकू. पैगंबराशी इतका रोकठोक व्यवहार त्याच करू जाणे. परातीत पोहे भिजत होते, बाजूला साखर, वेलची, खजूर, केळी अशी सगळी मांडामांड होती. जुन्या पनवेलात आता बेने इस्रायली ज्यूंची घरं मोजकीच उरली होती, पण मलिदा म्हटला की त्या घरांतली यच्चयावत माणसं जिने चढून यायची.

बेचाळिसाव्या वर्षी लोक योगाचा वर्ग लावतात, हिने विमानाचा लावला, असं खांदा कॉलनीतल्या तिच्या बिल्डिंगमध्ये बोललं जायचं. रुचिरा बेलापूरला विमा कंपनीत होती. दर शनिवार-रविवारी पहाटे गाडी काढून घाटावरच्या एका लहानशा धावपट्टीवर जायची आणि विनायक सरांकडे शिकायची. त्यांचं एक दोन आसनी विमान होतं, पंचवीस वर्षं वापरलेलं. ज्या विमानात ती शिकली तेच आता सर विकत होते. वडिलांनी ठेवलेली गव्हाण गावची जमीन विकून ती ते घेणार होती आणि कागदांवर सह्या उद्या व्हायच्या होत्या.

तिचा नवरा निनाद शेवटपर्यंत का-कू करत होता. तो तयार झाला तो एलियासकाकांच्या शब्दावर. एलियास आपटेकर म्हणजे दिनाकाकूंचे यजमान आणि तिच्या वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. उभी हयात विमानांच्या इंजिनांत काढलेला परवानाधारक इंजिनियर. निवृत्तीनंतर विनायक सरांच्या विमानाची तपासणी सहा वर्षं तेच करत होते. रुचिरा नऊ वर्षांची असताना त्यांनीच तिला पहिल्यांदा हँगरमध्ये नेलं होतं, आणि यंत्राला हात लावायच्या आधी त्याची वही वाचायची, हेही त्यांनीच शिकवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ते तिला आणि निनादला म्हणाले होते, “डोळे झाकून घ्या.”

तिने डोळे झाकले नाहीत. शिकवलं होतं तसं आज सकाळी चहाचा कप घेऊन बसली आणि व्यवहारासाठी सरांनी दिलेली विमानाची वही पहिल्या पानापासून वाचत निघाली. जानेवारीच्या पानावर थांबली. तेवीस जानेवारी, गुरुवार : उतरताना प्रॉपेलर धावपट्टीला घासला. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. असा दणका थेट इंजिनापर्यंत जातो, ते उघडून बघितल्याशिवाय विमान उडवायचं नसतं, एवढं ती शिकली होती. त्याखाली पंचवीस जानेवारी : प्रॉपेलर बदलला, इंजिन पूर्ण उघडून तपासलं, दोष नाही. मजकुराचं अक्षर विनायक सरांचं. खाली सही, ई. आपटेकर.

पंचवीसला शनिवार होता. तिला कॅलेंडर काढून बघावं लागलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी, रविवारी सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन आटोपल्यावर तिने त्याच विमानातून पहिल्यांदा एकटीने उड्डाण केलं होतं. आणि एलियासकाका शब्बाथ पाळतात, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारचा मावळेपर्यंत पान्हा काय, पेनसुद्धा हातात धरत नाहीत, हे सगळ्या पनवेलला ठाऊक होतं. नोकरीत असताना त्यांनी त्यापायी दिवाळीच्या ड्यूट्या केल्या, बढत्या घालवल्या. म्हणजे सही खोटी होती. सरांनी काकांची सही ठोकून दिली होती. इंजिन उघडलंच नव्हतं आणि वर एका देवमाणसाचं नाव त्याला चिकटवलं होतं. तिचं डोकं फिरलं. निनादला काही न सांगता ती रिक्षा करून निघाली. वाटेत सरांना काय काय सुनवायचं ते तिने तीनदा ठरवलं, आणि काकांना हे ऐकून किती लागेल या विचाराने तिला वाईटही वाटत राहिलं.

गच्चीवर काका लाकडी खुर्चीचा पाय पुसत होते. तिने जानेवारीचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा चढवला, वाचलं आणि फडकं खांद्यावर टाकलं.

“सरांनी तुमची खोटी सही केलीय, काका. त्यांना वाराचंही भान राहिलं नाही.”

काकांनी तिच्या हातातून वही घेतली, मिटली आणि परत दिली.

“सही माझीच आहे,” ते म्हणाले.

तिला वाटलं, ते सरांना पाठीशी घालताहेत. मग काकाच सांगत गेले, खाली बघत, घरातलं काही किरकोळ सांगावं तसं. एका सहीसाठी दर खेपेला घाट चढून जायचा, दिवस मोडायचा. मग विनायकचा माणूस वही घेऊन इकडे यायला लागला. काका महिन्या-दीड महिन्याच्या सह्या एकदम करून द्यायचे, खालच्या बाजूला, आणि वरची जागा कोरी सोडायचे. मजकूर आणि तारीख विनायक घालायचा. सगळीकडे असंच चालतं, म्हणाले. विनायक भला माणूस आहे, प्रॉपेलर लागला तेव्हा त्याने लगेच फोन केला होता. इंजिन उघड, असं काकांनी त्याला बजावून सांगितलं होतं.

“मग उघडलं?”

“उघडलं असेल.”

रुचिराने ‘असेल’ हा शब्द ऐकला. विश्वास पानिपतात गेला, असं तिचे वडील उठल्यासुटल्या म्हणायचे, पण तेसुद्धा या माणसाकडे घराची किल्ली ठेवून गावाला जायचे.

“इंजिन उघडून परत जोडायला किती दिवस लागतात?” तिने विचारलं.

“आठ. सात तरी.”

“गुरुवारी प्रॉपेलर लागला. रविवारी मी त्यात एकटी होते.”

“माहीत आहे,” काका म्हणाले. “तूच फोन केला होतास ना.”

केला होता. विमानातून उतरल्यावर निनादच्याही आधी तिने काकांना फोन केला होता, हसत, अर्धवट रडत. आणि काकांनी तिकडून तोंडभरून आशीर्वाद दिला होता. म्हणजे त्याच घटकेला यांनी दिवस मोजले असणार. त्यानंतर ती त्या विमानात चाळीस तास उडाली. दर सोमवारी फोन करून त्यांना सगळं सांगायची आणि ते ऐकून घ्यायचे. तिला इतका राग आला की रडूही येईना. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण आता तिच्यासमोर फडक्याची घडी घालत उभं होतं.

“विनायकशी बोललीस?” काकांनी विचारलं.

“नाही. आधी तुमच्याकडे आले.”

“बरं केलंस.” ते जिन्याकडे बघत म्हणाले. “आज काही बोलू नकोस. माणसं येतील. दिनाला यातलं काही माहीत नाही.”

उद्या सह्या आहेत, त्यांचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. दोन खुर्च्या उचलून ते खाली गेले.

पाचच्या सुमारास बैठकीची खोली भरली. खाली राहणारे राफेल काठी टेकत आले, त्यांच्या सुना आल्या, शेजारच्या कुलकर्णी बाई हळदीकुंकवाला यावं तशा नटून आल्या. सगळ्यांनी रुचिराला हात लावून बघितलं, जणू ती आत्ताच आकाशातून उतरली होती. एलियाहू हनाबी रथात बसून स्वर्गात गेला, तेव्हा या पोरीचा रस्ता त्याच्या ओळखीचाच, असं राफेल म्हणाले. तिने मान डोलावली. लॉगबुक पिशवीत होतं आणि पिशवी मांडीवर होती. उठून निघून जावं असं तिला दोनदा वाटलं, पण दिनाकाकूंनी सकाळपासून तीन नारळ खवले होते.

मग काका टोपी घालून उभे राहिले आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली. डोळे मिटलेले, आवाज खणखणीत. बाकीचे मधूनमधून साथ देत होते. मध्ये मराठीत त्यांनी रुचिराचं नाव घेतलं, तिच्या विमानाला आणि त्यात बसणाऱ्या प्रत्येकाला सांभाळ, असं मागणं मागितलं. कुठे अडखळतील, निदान आवाज जरा तरी हलेल, म्हणून ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एका सुरात म्हणाले आणि सगळ्यांबरोबर आमेनही म्हणाले.

दिनाकाकूंनी मलिद्याची पहिली बशी रुचिराच्या हातात दिली. वर खजूर, केळ्याचे काप. त्यांचे डोळे भरून आले होते.

“आता एक कर,” त्या म्हणाल्या. “विमान आलं की पहिली फेरी यांना मारून आण. आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली, घरच्या विमानात बसू दे एकदा.”

राफेल हो-हो म्हणाले. सुनांनी टाळ्या वाजवल्या. रुचिराने बशी खाली ठेवली आणि काकांकडे पाहिलं.

“याल ना, काका?”

काकांनी खजुरातली बी काढली. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

“मला कुठे आता,” ते म्हणाले. “तू निनादला ने.”

सगळे हसले. कुलकर्णी बाई तर जास्तच. बायकोशिवाय मला स्वर्गही नको, असं म्हणायचंय त्यांना, असं काहीतरी राफेल म्हणाले आणि पुन्हा हशा झाला. त्या हशात रुचिरा हसली नाही. हसणं ओसरेपर्यंत ती थांबली.

“नाही, काका,” ती म्हणाली. “निनादला नाही नेणार मी.”

तिने पिशवी खांद्याला लावली. का गं, असं दिनाकाकूंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि हातातली दुसरी बशी कुणाला द्यायची होती ते विसरून त्या काकांकडेच पाहत राहिल्या.