प्रॉम्प्टरचा स्मार्टफोन

जगात कुठलीही नवी वस्तू निघाली की आमच्या भावोजींना ताप चढतो, आणि ती घरात आली की तो आम्हाला चढतो. टाळी वाजवली की लागणारा दिवा त्यांनीच पहिला आणला. मी उशी झटकली तरी तो लागायचा, आणि टाळ्या वाजवून हात लाल झाले तरी विझायचा नाही. ही वस्तू निर्माण करणाऱ्याला आमच्या भावोजींसारखं गिऱ्हाईक शोधूनही सापडलं नसतं.

तेव्हा बाकी जग साध्या बटणांच्या फोनवर सुखात होतं, आणि भावोजी स्मार्टफोन घेऊन आले. खिशात ठेवला की सदरा एका खांद्यावरून खाली ओघळायचा. त्याला बोट लावायचं नाही, त्याच्या कुशीत खोचलेली एक बारीक काडी काढायची आणि तिनं काचेवर टोचायचं. त्या काडीला भावोजी आदरानं पेन म्हणायचे.

"वहिनी, ह्यात सगळं आहे. पत्रं, नकाशे, घड्याळ, गणित."

"आणि फोन?"

"तोही लागतो. फक्त गॅलरीत जाऊन उभं राहावं लागतं."

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी पोट धरून हसले. पण "ह्या वेळचं नाटक मी ह्याच्यावरूनच प्रॉम्प्ट करणार" असं ते म्हणाले, तेव्हा माझं हसू आटलं.

त्याचं कारण सांगायला हवं. माझे यजमान पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते आणि खात्याच्या नाटक मंडळात जन्मभर मुख्य भूमिका करत आले. भावोजी त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, आणि तितकीच वर्षं त्यांचे प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून वाक्याची आठवण द्यायची, हे काम लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. पूर्ण वाक्य द्यायचं नसतं. नट श्वास घेतो तेवढ्यात पहिले दोन शब्द सोडायचे, बाकीचं तो ओढून घेतो. आमच्या ह्यांना तर भावोजींशिवाय दुसऱ्या कुणाचे शब्द ऐकूच यायचे नाहीत. लहानपणी एका पांघरुणाखाली कुजबुजून वाढलेली ही जोडी. मंडळानं दोनदा दुसरा माणूस बसवून पाहिला, आणि दोन्ही वेळा ह्यांनी स्टेजवरूनच त्याला "काय?" असं विचारलं.

त्याच्या आदल्या वर्षापासून ह्यांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग किल्ली. त्यावर मी भरपूर टोमणे मारले. मग एकदा कोपऱ्यावर दाढी करायला गेले आणि रस्ता विचारत विचारत घरी आले. त्यानंतर मी टोमणे मारणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. ही गोष्ट आम्ही तिघांनी घरातच ठेवली.

"आणखी एकदाच उभा राहतो," हे म्हणाले. "आपलं ते जुनंच नाटक. लोकांनी दंड धरून खाली उतरवायच्या आत मला माझ्या पायांनी उतरू दे."

आयुष्यात ह्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही, चहा सोडून. म्हणून मी हो म्हणाले. सगळी भिस्त भावोजींवर होती, आणि भावोजींनी ती त्या विटेएवढ्या फोनवर टाकली.

त्यांचंही म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तालमीत कागदी संहितेची पानं कुरकुरायची, बॅटरीचा झोत नायिकेच्या पायांवर पडायचा, आणि आमचे दिग्दर्शक, जे एरवी खात्यात हिशेब तपासतात, पाण्याची टाकी फुटल्यासारखे ओरडायचे. फोनला स्वतःचा उजेड होता आणि आवाज नव्हता. हे सांगून भावोजींनी संहिता आमच्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली आणि लिहायला बसले.

त्या हुशार यंत्राला आपली अक्षरं येत नव्हती. म्हणून अख्खं नाटक इंग्रजी अक्षरांत, काडीनं, एकेक अक्षर काढत. त्यात ते यंत्र शिष्ट. भावोजींनी एक अक्षर काढावं आणि त्यानं भलतंच उमटवावं. भावोजी वाक्य मोठ्यानं म्हणायचे, लिहायचे, जीभ चावायचे, खोडायचे, पुन्हा म्हणायचे. मी ताटं घेऊन उभी राहायची आणि तिसरा अंक सरकायची वाट पाहायची.

नाटक लिहून झालं त्या आठवड्यात ते कामासाठी परगावी गेले आणि चार्जर इथंच राहिला. परतले तेव्हा चेहरा उतरलेला. बॅटरी पार संपली की तो फोन नुकता जन्मल्यासारखा कोरा होतो, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. म्हणजे माहितीपुस्तकात होतं, पण ते वाचणं भावोजींना कमीपणाचं वाटतं.

"घरात एक विसरणारा होता, तो पुरला नाही का तुम्हाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिल्या अंकापासून पुन्हा सुरू केलं. मला माझाच राग आला, आणि मी न विचारता त्यांच्यापुढे चहा ठेवला. पुढे काच बंद पडून नाटक आणखी एकदा गेलं, तेव्हा मात्र मी तोंड उघडलं नाही. माणूस तिसऱ्यांदा तेच नाटक काडीनं टोचत बसला होता. तालमींतही पुटपुट, जिन्यातही पुटपुट. शेजारीण मला हळूच म्हणाली, "तुमच्या दिरांना डॉक्टरला दाखवा." घरातल्या नेमक्या चुकीच्या माणसावर तिला शंका आली होती.

रविवारी दुपारी प्रयोग लागला. सभागृह भरलेलं. मी पाण्याचा पेला घेऊन भावोजींच्या मागं विंगेत उभी होते. माझ्या पिशवीत कागदी संहिता होती, गुपचूप आणलेली. मी काही त्यांच्यासारखी भोळी नाही.

पहिले दोन अंक छान गेले. हे अडखळायचे, फोनचा निळा उजेड भावोजींच्या नाकावर पडायचा, दोन शब्द जायचे, आणि ह्यांचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. मी त्या यंत्राबद्दल मनातल्या मनात दोन शब्द मागे घेतले. फार नाही, दोनच.

तिसऱ्या अंकात घर सोडून गेलेला मुलगा बापाच्या म्हातारपणी त्याच्या दारात येतो. बाप त्याला न्याहाळतो आणि म्हणतो, "मी ओळखलं नाही असं समजू नकोस." तिथून बापाचं लांबलचक बोलणं. त्याच बोलण्यासाठी लोक हे नाटक पुन्हा पाहायला येतात.

मुलगा आला. ह्यांनी त्याला न्याहाळलं. आणि थांबले.

मी भावोजींकडे पाहिलं. काचेवर एक इवलंसं वाळूचं घड्याळ गरगर फिरत होतं. घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. भावोजींनी काडी टोचली, पुन्हा टोचली. घड्याळ फिरतच राहिलं. मी पिशवीतून संहिता ओढली आणि तेव्हा कळलं, माझा चष्मा घरी टेबलावर आहे. दुसऱ्याला हसायला मात्र मला चष्मा लागत नाही.

भावोजींच्या घामेजल्या बोटांतून काडी निसटली. टक्कन पडली, घरंगळत स्टेजवर गेली आणि ह्यांच्या बुटापाशी थांबली. हे वाकले. काडी उचलली, आणि ही कुणाची असेल अशा नजरेनं तिच्याकडे बघत राहिले. मुलाचं काम करणारा नट पांढरा पडला. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. ह्यांनी मान वळवून विंगेकडे पाहिलं, आणि ती नजर मी ओळखली. दाढी करून रस्ता विचारत आले होते त्या दिवशी दारात हीच नजर होती. आता पडदा पाडा, असं ओरडायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात फोनची काच काळी झाली, आणि अंधारातून भावोजींचा आवाज गेला, "मी ओळखलं..."

हे सावरले. "मी ओळखलं नाही असं समजू नकोस." आवाज खणखणीत.

पुढच्या श्वासाला पुन्हा दोन शब्द. त्याच्या पुढच्यालाही. मेलेला फोन भावोजींच्या मांडीवर पडला होता, ते सरळ भावाच्या पाठीकडे बघत होते, आणि एकामागून एक शब्द देत होते. अख्खं नाटक त्यांना पाठ झालं होतं. त्या यंत्रानं त्यांच्याकडून ते इतक्या वेळा गिरवून घेतलं होतं, की इतकी चांगली शिकवणी कुठल्या छडीवाल्या मास्तरांनाही जमली नसती. ह्याचा पत्ता त्यांना स्वतःलाही त्याच क्षणी लागला असावा, कारण त्यांचे डोळे वाहत होते आणि आवाज मात्र जराही हलत नव्हता.

पडदा पडला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दिग्दर्शक धावत आले. "ती काडी उचलून थांबणं! काय जागा काढलीत हो! तालमीत का नाही दाखवलंत?"

"राखून ठेवलं होतं," हे म्हणाले. खोटं बोलायचं कसं, ते अजून विसरले नव्हते.

रंगपटात चेहरा पुसता पुसता ह्यांनी भावोजींच्या हातातून फोन घेतला आणि कौतुकानं उलटसुलट करून पाहिला. "धाकट्या, यंत्र नामी आहे तुझं. एक शब्द चुकलं नाही."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. एरवी एवढी आयती संधी मी जन्मात सोडली नसती.

"हो ना," मी म्हणाले. "फारच हुशार आहे."

"मग मला दे हा. माझं बाकीचंही ह्याच्यात भरून ठेव. घराचा पत्ता, औषधं. आणि ही..." त्यांनी माझ्याकडे हात केला आणि थांबले. हात तसाच राहिला.

भावोजींचे ओठ हलायला लागले. मी मानेनंच नको म्हणाले. मी थांबले, बराच वेळ थांबले. शेवटी हे ओशाळं हसले आणि म्हणाले, "हिचंही नाव लिही त्यात. सगळ्यांत वर."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः लिहायला बसले, त्याच टेबलावर. भावोजी बाजूला उभे. "वहिनी, जरा हलक्या हातानं. आणि रोज चार्ज करायचा, विसरायचं नाही." यंत्र माझं नाव घ्यायला तयार नव्हतं. मी लिहायची आणि ते भलतीच कुणीतरी बाई उमटवायचं. मी खोडलं, पुन्हा लिहिलं. ज्या खुर्चीवर बसणाऱ्याला मी हसले होते, तीच खुर्ची होती. एकदाचं बरोबर उमटलं तेव्हा मी फोन ह्यांच्यापुढे धरला.

ह्यांनी चष्मा लावला. एकेक अक्षर जोडत नाव वाचलं. मग काचेवरून नजर उचलून मला न्याहाळलं, अगदी सावकाश.

"मी ओळखलं नाही असं समजू नकोस," हे म्हणाले.

भावोजी खिडकीकडे वळले. हे वाक्य नाटकातलं की घरातलं, ते मी विचारलं नाही. उठले आणि फोन चार्जिंगला लावला.